भिलारच्या गार गॅरेजात दही लावताना

भिलारच्या एका ताईंनी विचारलंय: “घराखालच्या पत्र्याच्या गॅरेजात मी रोज साठ लिटर दुधाचं दही लावते आणि पाचगणीतल्या खानावळींना देते. दिवाळीनंतर गार पडलं की दही लागायला पहाट होते. कडेचं पातळ राहतं, मधलं आंबट होतं आणि वर पाणी सुटतं. चाळीस लिटरच्या कॅनला घोंगडी गुंडाळून पाहिली. भावानं एक व्हिडिओ दाखवला. परदेशात घरच्या घरी बिअर करणारी माणसं गार गॅरेजातल्या पिंपांना थर्मोकोल गुंडाळून ठेवतात. मीही तसंच करू का? किती जाडीचं लावू? हीटर लागेल का?”

ताई, मी साताऱ्याचा. दूध शीतकरण केंद्रांत तीस वर्षं रेफ्रिजरेशनचं काम केलं. आता वाई, जावळी, कोरेगाव भागात घरगुती दही-पनीर करणाऱ्यांना छोट्या खोल्या आणि कपाटं बांधून देतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की थर्मोकोल ५० मिलिमीटरचा लावा, पण कॅनला लावू नका. दही कॅनमध्ये लावणंच सोडा. पाच-पाच लिटरच्या पसरट टबांत लावा आणि ते सगळे टब मावतील असं एक उबदार कपाट करा. इन्सुलेशन त्या कपाटाला करायचं. हीटर लागेल, पण छोटा. असं का सांगतोय ते जरा विस्तारानं लिहितो, कारण कारण कळलं नाही तर माणूस खर्च करून चुकीच्या जागी भर घालतो.

आधी त्या बिअरवाल्यांबद्दल. त्यांचं काम साधारण १८ ते २० अंशांवर चालतं आणि पिंपातलं यीस्ट आंबताना स्वतःच बरीच उष्णता सोडतं. म्हणून नुसतं गुंडाळून ठेवलं तरी त्यांचं बऱ्यापैकी निभतं. आपलं दही ४२-४३ अंशांवर लागतं आणि विरजणातले जीव जी उष्णता सोडतात ती एखाद्या अंशाच्या घरातली. म्हणजे दुधात आपण जी ऊब भरून ठेवतो तेवढीच आपली पुंजी. गुंडाळलेलं काहीही ती वाढवत नाही, घोंगडीही नाही आणि थर्मोकोलही नाही. ऊब बाहेर जायचा वेग तेवढा कमी होतो.

आता तो वेग किती असतो ते बघा. चाळीस लिटर दूध एक अंशानं गार व्हायला साधारण ४४ वॅट-तास उष्णता बाहेर जावी लागते. कॅनचा सगळा पृष्ठभाग मिळून पाऊण चौरस मीटर धरा. आत ४३ अंश आणि गॅरेजात १२ अंश असतील, तर उघड्या कॅनमधून सुरुवातीला २०० वॅटच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे तासाला साडेचार ते पाच अंश. दोन तासांत दूध पस्तिशीच्या खाली येतं आणि विरजणाचा जोर तिथंच मोडतो. एकेरी घोंगडी गुंडाळली की हाच तोटा ९० वॅटच्या घरात येतो, दुहेरी घडी केली की ५५ च्या. पंचवीस मिलिमीटर थर्मोकोलला ३० वॅट, पन्नासला १६ ते २०. शंभर मिलिमीटर लावला तर दहा वॅट. बघा, पहिल्या पन्नासानं २०० चे २० केले, पुढच्या पन्नासानं फक्त दहाच वाचवले. म्हणून मी पन्नासावर थांबा म्हणतो. पुढचे पैसे झाकण, तळ आणि फटी यांच्यावर घाला.

तुमच्या घोंगडीला मी कमी लेखत नाही. माण-खटावच्या मेंढरांची जाडीभरडी लोकर थर्मोकोलच्या तोडीस तोड ऊब धरते, कारण दोन्हींचं काम एकाच गोष्टीवर चालतं, ती म्हणजे अडकून पडलेली हवा. फरक जाडीचा आहे. घोंगडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर भरते. शिवाय ती दाबून घट्ट आवळली की तिच्यातली हवा निघून जाते आणि दोरी बांधली तिथं दोरीखालची जागा उघड्यासारखीच होते. बायका दह्याच्या पातेल्याभोवती घोंगडी सैल लपेटायच्या आणि खाली चुंबळ ठेवायच्या, त्यात फार शहाणपण होतं. पण लोकर ओली झाली की खेळ संपला. पाणी हे अडकलेल्या हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. तुमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने गॅरेजातली भिंतसुद्धा घाम धरते, मग लोकर, कापूस, भाताचा तूस, लाकडाचा भुसा यातलं काहीही उघडं टिकत नाही. एकदा मेढ्याकडच्या एका कामात मी काचेच्या लोकरीचा थर लावला आणि वरचं आवरण नीट बंद केलं नाही. जून ते सप्टेंबर पाणी पीत राहिला. दिवाळीला उघडला तर काळा पडलेला आणि कुबट वास मारणारा. दुधाच्या खोलीत तसला वास म्हणजे सगळा माल गेला. तेव्हापासून पाणी न शोषणारं, बंद पेशींचं इन्सुलेशनच वापरतो.

आता कॅनमध्ये दही लावू नका असं का म्हणतो ते. तुमच्या तक्रारीचं खरं मूळ इथंच आहे आणि जाड थर्मोकोलनं ते सुटणार नाही.

दूध पातळ असतं तोवर ते आतल्या आत फिरतं. कडेचं गार झालेलं दूध खाली जातं, मधलं गरम वर येतं, त्यामुळे सगळीकडे जवळपास सारखं तापमान राहतं. दही लागायला लागलं की हे फिरणं थांबतं. मग उष्णता घट्ट दह्यातून सरकत सरकत बाहेर येते आणि हे काम अतिशय संथ असतं. कॅनचा व्यास पस्तीस सेंटिमीटर. रात्री अकराला दही लागलं तरी मध्यभाग दहा-बारा तासांनीही कोमट लागतो. कडा मात्र तासा-दोन तासांत गार झालेली असते. म्हणून कडेला विरजणाचं काम अर्धवट राहतं आणि ते पातळ लागतं, तर मध्ये ते रात्रभर चालूच राहतं आणि आंबटपणा चढतो. आंबटपणा एका मर्यादेपुढे गेला की दह्याची जाळी आवळते आणि पाणी बाहेर पडतं. तुम्हाला तीन वेगळ्या तक्रारी दिसतात, पण तिन्हींचं कारण तो जाड कॅन आहे. त्यातच त्याला थर्मोकोल गुंडाळला तर कडा सुधारेल, पण मधला भाग आणखी आंबेल.

आता पसरट टब घ्या. पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल असला की पाच लिटर मावतं. उष्णता वरून आणि खालून अशी दोन्हीकडून निघते आणि तिला जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर चालावं लागतं. जाडी निम्मी झाली की लागणारा वेळ चौथाई होतो, हे गणित घट्ट पदार्थांना चोख लागू पडतं. त्यामुळे टबातलं दही फ्रीजमध्ये टाकल्यावर काही तासांत मधोमधपर्यंत गार होतं. खानावळवाल्यालाही टब उचलून नेणं सोपं, मध्ये ढवळाढवळ नाही, कवडी मोडत नाही.

पण हाच टब उघडा ठेवला तर कॅनपेक्षा लवकर गार होतो. भांडं लहान म्हणजे दुधाच्या मानानं पृष्ठभाग मोठा. दोनशे ग्रॅमच्या कपात तर एका किलोमागे कॅनच्या पाच-साडेपाच पट पृष्ठभाग असतो. उघड्या गॅरेजात तो कप तासाभरात निम्म्याहून जास्त ऊब गमावतो. एकेका टबाला जॅकेट शिवत बसणं शक्य नाही आणि त्याचा उपयोगही नाही. सगळे टब एकत्र एका बंद खोक्यात ठेवायचे म्हणजे ते एकमेकांना ऊब देतात आणि थंड भिंत फक्त खोक्याला भेटते.

तुमच्या साठ लिटरला बारा टब लागतील. साठ सेंटिमीटर रुंद, साठ खोल आणि दीड मीटर उंच कपाट करा, आत तीन फळ्या, प्रत्येकीवर चार टब. फळ्या जाळीच्या हव्यात म्हणजे हवा वरखाली फिरेल. सांगाडा अँगलचा किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा. सगळ्या सहा बाजूंना ५० मिलिमीटर थर्मोकोल. दारालाही तेवढाच. दारालाच लोक कंजूषपणा करतात. थर्मोकोल घेताना घनता विचारून घ्या. टीव्हीच्या खोक्यातला पोकळ-पोकळ माल नको, इन्सुलेशनचा, घनमीटरला वीस किलो घनतेचा मागा. तळाला शक्य असेल तर एक्सपीएस म्हणतात तो कडक निळा-गुलाबी फोम घाला आणि त्यावर प्लायवूड, म्हणजे वजन एका कडेवर न येता पसरेल. कपाट जमिनीपासून वीतभर वर पायांवर उभं करा. कोब्याची फरशी हिवाळ्यात रात्रभर ऊब ओढत राहते आणि धुतल्यावर ओलीही असते.

चिकटवताना एक चूक हमखास होते. पंक्चर काढायच्या रबरी सोल्युशनसारखा डिंक थर्मोकोलला लावला की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो. लाकडाचा पांढरा डिंक वापरा. सांध्यांत फोमचा स्प्रे भरा, आतून सिलिकॉन. आतल्या बाजूला थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही. सांडलेलं दूध त्याच्या दाण्यांत शिरलं की धुता येत नाही, शिवाय मुंग्या आणि उंदीर तो पोखरतात आणि आग लागली तर तो भडकतो. आतून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा एसीपी शीट (मध्ये प्लास्टिक असलेला ॲल्युमिनियमचा तक्ता) मारा, रोज फडक्यानं पुसता आली पाहिजे. बाहेरून काहीही चालेल.

बाजारात चांदीसारखा चमकणारा बबल-शीट मिळतो आणि दुकानदार तो थर्मोकोलच्या बदल्यात खपवतो. चमकदार पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरं आहे, पण त्यासाठी त्याच्यासमोर दोन सेंटिमीटर तरी स्थिर हवेची पोकळी लागते. थेट भांड्याला किंवा पत्र्याला चिकटवला की तो नुसता चार मिलिमीटरचा प्लास्टिक राहतो. त्याचा खरा उपयोग तुमच्या छपराला आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दवबिंदू गोठतात ते तुम्ही पाहिलं असेल. हवा शून्याला गेलेली नसते, पण गवताचं पातं उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षा गार होतं. तुमच्या गॅरेजचा पत्रा रात्री तेच करतो. म्हणून पहाटे आतून पाण्याचे थेंब पडतात. पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून तो चांदीचा शीट ताणून बांधा, थेंब पडणं कमी होईल आणि दह्यात पत्र्याचं पाणी पडायची भीतीही जाईल.

हीटरचा हिशेब असा. वर सांगितलेल्या कपाटाचा पृष्ठभाग सव्वाचार चौरस मीटरच्या थोडा वर जातो. पन्नास मिलिमीटर थर्मोकोलमधून ९० वॅट बाहेर जातील. दार उघडझाप आणि सुरुवातीची तापवणी धरून २०० वॅटचा हीटर पुरे. पाच तासांत अर्ध्या युनिटच्या आसपास वीज. नुसत्या प्लायवूडच्या कपाटाला हेच चार-पाच पट लागलं असतं. पिवळा बल्ब लावू नका. उजेडानं दुधाला एक वेगळाच, कागदी वास चढतो, आणि बल्ब गेला की रात्री कळतही नाही. उजेड न देणारा पट्टीचा किंवा सिरॅमिकचा हीटर घ्या, तो तळाशी जाळीच्या आड बसवा आणि सोबत संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा छोटा पंखा लावा. पंखा नसेल तर वरच्या फळीत आणि खालच्या फळीत पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. मग वरचं दही आधी आंबतं आणि खालचं लागतच नाही, म्हणजे पुन्हा तीच तक्रार नव्या कपाटात.

तापमान राखायला एसटीसी-१००० नावानं मिळणारा डिजिटल कंट्रोलर पुरतो. त्याचा सेन्सर हवेत लटकवू नका. पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत बुडवून मधल्या फळीवर ठेवा. हवेत ठेवला तर दार उघडताच हीटर उगाच पेटतो. पाण्यातला सेन्सर टबातलं दही जे अनुभवतं तेच सांगतो. त्या बिअरवाल्यांकडून घ्यायची एखादी गोष्ट असेल तर ती हीच, तेही सेन्सर पिंपाला चिकटवून वर कापड बांधतात. विजेचं काम माहितगार वायरमनकडून करून घ्या आणि अर्थिंग असलंच पाहिजे, कारण हे कपाट ओल्या खोलीत धातूच्या सांगाड्यावर उभं राहणार आहे.

वीज गेली तर? तुमच्याकडे जाते. दहा लिटर पाणी ५५ अंशांना तापवून दोन कॅनमध्ये भरून तळाशी ठेवा. ते ४३ पर्यंत उतरताना १४० वॅट-तास ऊब देतं, म्हणजे कपाटाला दीड तास पुरेल एवढी. आणि कपाट करायला आत्ता पैसे नसतील तर याच युक्तीवर सुरुवात करा. मासेवाले आणि कुल्फीवाले वापरतात तो शंभर लिटरचा आइसबॉक्स घ्या. बर्फाचा गारवा धरणारी भिंत दह्याची ऊबही तेवढीच धरते. त्यातून २०-२५ वॅटच जातात, त्यामुळे ते दहा लिटर पाणी पाच तासांची वेळ काढून देतं, वीज न लागता. फक्त गरम पाण्याचा कॅन टबाला चिकटू देऊ नका. पन्नास अंशांच्या वर विरजणातले जीव मरू लागतात आणि त्या बाजूचं दही कच्चं राहतं.

बंद पडलेला जुना फ्रीजही छान कपाट होतो. त्याच्या भिंतीत आधीच पफ, म्हणजे इन्सुलेशनचा फोम, भरलेला असतो. त्याच्या बाजूच्या भिंतींना मात्र भोक पाडू नका. आतून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. वायर आत न्यायला मागच्या पाणी जायच्या भोकाचा वापर करा.

दुधाकडे थोडक्यात. दूध ८५ ते ९० अंशांना नेऊन दहाएक मिनिटं राखा, तरच दही घट्ट बसतं. भिलार सव्वा हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे तुमच्याकडे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळीच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा. मग ४३ ला आणून शेकडा दीड-दोन विरजण घाला, नीट मिसळा, ताबडतोब टबांत ओता. आणि कपाट आधी तासभर तापवलेलं हवं. हे कपाट गार दूध तापवण्यासाठी नाही. गरम ओतलेलं दूध गरम ठेवणं, एवढंच त्याचं काम.

टबसुद्धा कोमट करून घ्या. रात्रभर बारा अंशांत पडलेल्या स्टीलच्या टबात दूध ओतलं की पहिल्याच क्षणी एखादा अंश जातो. प्लास्टिकच्या टबातही थोडी ऊब जातेच.

आता वेळेचं. दही लागलं की त्याच क्षणापासून इन्सुलेशन तुमच्या विरुद्ध काम करायला लागतं. म्हणून वेळ अशी बांधा, की दही लागतं तेव्हा तुम्ही जाग्या असाल. दुपारी चारला टब भरले तर रात्री नऊच्या सुमारास लागतील. टब कडेनं हळूच कलवून बघा. दही भिंतीपासून एकसंध सुटलं आणि वर ओघळ नसला की झालं. आंबटपणा मोजायचा पीएचचा कागद असेल तर ४.६ च्या जवळ. मग हीटर बंद करा आणि कपाटाची दारं सताड उघडा, टब हलवू नका. तुमचं बारा अंशांचं गॅरेज तेव्हा फुकटचं शीतगृह आहे. तासाभरानं टब अलगद फ्रीजमध्ये न्या. नुकतं लागलेलं दही धक्का खाऊन फुटतं, तासभर गार झालेलं बरंच सावरलेलं असतं. आत्ता तुमचं दही पहाटे चारला लागतं आणि तुम्ही सहाला बघता. मधले दोन तास नुसते आंबण्यात जातात.

कपाट तयार झालं की पहिल्या दिवशी दूध घालू नका. बारा टबांत ४३ अंशांचं पाणी भरून ठेवा आणि पाच तास दर तासाला वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवरच्या एकेका टबाचं तापमान वहीत लिहा. एका वेळच्या तीन आकड्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर पंख्याची जागा बदला. तिन्ही आकडे एकदम उतरत असतील तर दाराच्या रबरात फट आहे. अंधारात आत टॉर्च पेटवून ठेवा आणि बाहेरून बघा, उजेड दिसेल तिथून ऊब जातेय. हे आकडे मला पाठवा, मग हीटर कमी-जास्त करायचा का ते सांगतो.